गिऱ्हाईक ‘नाय’ म्हणालं

पापडांची पिशवी मी साहेबांच्या टेबलावर ठेवली, तिथंच माझं चुकलं.

नुसती टेबलावर ठेवली असती तर एक वेळ चाललं असतं. मी ती लॅपटॉपवर ठेवली. मिटलेला होता. वरून काळा, सपाट, स्वच्छ. मला वाटलं, वस्तू ठेवायलाच जागा केली आहे. साहेब खुर्चीसकट मागं सरकले, पिशवीत जिवंत काही असावं तसे.

“हे काय आहे?”

“पापड, सर. पोह्यांचे. घरचे.”

“इंटरव्ह्यूला पापड?”

शेजारी एक मॅडम बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर हात धरला. साहेब त्यांच्याकडे बघून हसले, मग माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. कोणी हसलं की मी हसतो. का हसतात ते मागाहून बघतो.

आता ह्या माणसाला काय सांगायचं? आमच्या खाडीकडच्या गावात कुणाच्या दारात पहिल्यांदा काम मागायला उभं राहायचं तर मोकळ्या हातानं जात नाहीत. परसातला दुधी न्या, चार अंडी न्या, नाहीतर वाटाभर मासळी. कशासाठी म्हणून कुणी विचारत नाही. आणणारा ओट्यावर ठेवतो, घरची बाई आत नेते, मग कामाचं बोलणं सुरू होतं. निघताना बायकोनं पिशवी हातात दिली होती. “असे हात हलवीत कुनाच्या दारान जातात का?” मलाही ते बरोबरच वाटलं होतं. पेणच्या एसटी स्टँडजवळ, पहिल्या मजल्यावर, एसीच्या खोलीत बसलेल्या माणसाला ओटा नसतो हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

इथं माझी थोडी ओळख करून देतो, कारण पुढं काय झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

मी आगरी. बाप मिठागरात राबला. मी राबलो रोह्याच्या एमआयडीसीत, केमिकलच्या कंपनीत, पॅकिंगला. कंत्राटावर. शिफ्टची गाडी पकडत पकडत केस पांढरे झाले आणि एके दिवशी कंत्राटदार बदलला. नव्या कंत्राटदाराला नवी माणसं पाहिजे होती. नवी म्हणजे तरुण. गेटवर माझं कार्ड चाललं नाही, एवढंच मला कळलं.

घरी बायको, मंदा. ती पापड लाटते. आमच्या आळीत बऱ्याच जणी लाटतात. पेणच्या व्यापाऱ्याकडून सकाळी पीठ यायचं, संध्याकाळी वाळलेले पापड परत जायचे. पोह्यांचं पीठ कुटावं लागतं, नुसतं मळून भागत नाही. कुटून कुटून मंदाचा उजवा हात खांद्यापासून गेला. गेला म्हणजे आहे जागेवर, पण वर जात नाही. तिला स्वतःची वेणी घालता येत नाही. मी घालतो. वाकडी येते. ती आरशात बघते आणि म्हणते, “कंपनीत पॅकिंग असाच करत व्हता का?”

डॉक्टरनी सांगितलं, लाटणं बंद. नाहीतर हात कायमचा जाईल. मंदा म्हणाली, “तुमाला काम लागू दे. त्या दिवशी लाटना खाली ठेवीन.”

म्हणून मला काम पाहिजे होतं. तिच्या हातासाठी.

आणि अशात ती जाहिरात आली. पाणी शुद्ध करायची मशीनं विकायची. सेल्स एक्झिक्युटिव्ह. अनुभवाची गरज नाही, फ्रेशर चालतील. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा फ्रेशर. मोबाईलवर एक पोरगा सांगतो, सेल्सच्या पहिल्या इंटरव्ह्यूला काय काय विचारतात ते. मी तो व्हिडिओ जेवताना, अंघोळीआधी, झोपताना बघितला. ताठ बसा. डोळ्यांत बघा. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणतील, थोडक्यात सांगा. ‘तुमची कमजोरी काय’ विचारतील, अशी कमजोरी सांगा की ती चांगली वाटेल. टेबलावरची एखादी वस्तू उचलून म्हणतील, ही मला विका. घाबरू नका. विका.

मी सगळं पाठ केलं. केसांना कलप लावला. आरशात पुढून बघितलं, मागून बघायला तिसरा डोळा नव्हता. पोरगा जे जे म्हणाला होता ते सगळं मला विचारलं जाणार, अशी माझी खात्री होती.

त्यातलं एक विचारलं.

साहेबांनी पिशवीतला एक पापड दोन बोटांनी वर धरला. वयानं ते माझ्या भाच्याएवढे. पुण्याहून आलेले.

“ठीक आहे काका. हाच विका मला. सेल मी धिस पापड.”

मी ताठ बसलो. डोळ्यांत बघितलं. “सर, आमचं प्रॉडक्ट उच्च दर्जाच्या पोह्यांपासून...”

“नाही, नाही, नाही.” साहेबांनी हात हलवला. “असं नको. तुम्ही कुठले? खाडीकडचे? आगरी ना? मग तुमच्या भाषेत होऊन जाऊ दे. ते रीलमध्ये असतं तसं.”

मॅडमनी मोबाईल उभा धरला. “ट्रेनिंगसाठी हं, काका.”

मला वाटलं, चला, हे आपल्याला येतं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. कारण आमच्या घराण्यात गोष्ट सांगायची तर मीच. हळदीला मी, बारशाला मी. बाराव्यालासुद्धा लोक मला कोपऱ्यात घेऊन बसतात, मेलेल्या माणसाच्याच गमती सांगायला लावतात. हसवता येणं एवढी एकच गोष्ट मला आयुष्यात चांगली जमली आहे. आणि इथं तीच मागितली होती.

मी पापड हातात घेतला आणि बोललो.

“यो पापड माजे बायकोनं लाटलाय, साहेब. मना ईचारा, मी रोज खातंय. डाल पातल असूं दे, भाजी नसूं दे, यो पापड ताटान असला का मानूस ताटावरशी उटत नाय. तेलान टाकला का असा फुलतो, असा फुलतो, का सासू पन गप बसते.”

साहेब हसले. मॅडम हसल्या, मोबाईल हलला. मी आणखी फुललो. पापड लाटताना मंदा कशी बसते, पीठ कुटताना कशी ‘हं’ करते, उन्हात वाळत घातलेल्या पापडांवर कावळा आला तर काय शिव्या देते, सगळं सांगितलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं.

“कमाल आहात, काका. पण अंगणात वाळवता ना? कोंबड्या-बिंबड्या?”

मी मान हलवली.

“आणि पाणी कुठलं? तुमच्याकडे तर बोंबच असते म्हणे.”

मी मान हलवली.

“उकळून-बिकळून काही?”

मी मान हलवली. ही मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मलाही माहीत नव्हतं.

मग साहेबांनी मोबाईलच्या कोपऱ्यानं पिशवी माझ्याकडं ढकलली. हातानं नाही. मोबाईलच्या कोपऱ्यानं, सावकाश, टेबलाच्या काठापर्यंत.

“हे न्या, काका. आम्ही असं कुठलंही खात नाही.”

आणि त्याच दमात, “सिलेक्टेड फॉर सेकंड राऊंड. रोह्याला या.”

हे दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, एकामागोमाग आलं. मी दुसरं ऐकलं. पहिलं ऐकूनही ऐकलं नाही.

खाली जिन्यात एक पोरगी उभी होती. दीपाली. कासू गावची. माझ्याआधी तिचा इंटरव्ह्यू झाला होता. वाट बघताना आम्ही शेजारी बसलो होतो आणि तिची भाषा ऐकून मी तिला पेणमधली, एखाद्या मास्तरांच्या घरातली समजलो होतो, इतकी स्वच्छ. मग तिच्या आईचा फोन आला. तिनं तोंड भिंतीकडं केलं आणि पुटपुटली, “आई, मंग करतंय फोन. आता नाय.” माझ्याकडं वळली तेव्हा पुन्हा पेणकर.

तीही दुसऱ्या फेरीला निवडली होती. आम्ही नंबर घेतले. पिशवी घरी नेणं शक्य नव्हतं, मंदानं विचारलं असतं. मी ती दीपालीला दिली.

“अय्या, काका, खरंच? पोह्यांचे? आई खूश होईल.” पिशवीत नाक घालून तिनं वास घेतला.

घरी मी सांगितलं, पिशवी साहेबांनी ठेवून घेतली. मंदानं विचारलं, “काय बोलले?” मी म्हणालो, “हसले. डोल्यांत पानी आला त्यांचे.” दोन्ही खरं होतं. त्या दिवशी मंदा डाव्या हातानं लाटत होती आणि मधूनच आपल्याशीच हसत होती.

*

रोह्याला जाताना मी गाडीत पाठ करत गेलो. स्टेशनवरून हॉलकडं चालत जाताना लांबून जुन्या कंपनीची चिमणी दिसली. मी तिच्याकडं बघून कॉलर नीट केली. असा मूर्ख मी.

एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. सगळी पोरंपोरी विशी-बाविशीतली. मी मागच्या रांगेत बसलो. दोघांनी मला उठून जागा दिली, त्यांना वाटलं कुणाचे तरी वडील सोडायला आलेत. दीपाली पुढं होती. वळून हसली.

साहेब आले. दिवा मालवला. भिंतीवर प्रकाश पडला.

“सेल्समध्ये पहिली गोष्ट काय? कस्टमर ओळखा. कंपनीचं सोडा, मशीनचं सोडा. आधी कस्टमर. हा बघा तुमचा कस्टमर.”

भिंतीवर मी आलो.

स्वतःला भिंतीएवढं बघायची माझी पहिलीच वेळ. आधी मला मजा वाटली. शेजारच्या पोराला मी कोपरानं ढोसलंसुद्धा. मग हसणं सुरू झालं. मोठं. हॉलभर. ‘सासू पन गप बसते’ला तर एकानं शिट्टी मारली.

आणि मी तेव्हा पहिल्यांदा ते हसणं बाहेरून बघितलं.

गोष्ट सांगणाऱ्याला एक कळतं. हळदीच्या मांडवात लोक हसतात तेव्हा ते गोष्टीत असतात. माझ्याबरोबर त्या सासूच्या चुलीपाशी बसलेले असतात. इथं कुणीही चुलीपाशी नव्हतं. मी मंदाचं ‘हं’ करून दाखवत होतो आणि मोबाईल हळूहळू माझ्या कानाजवळ जात होता. कानामागं कलपाचा काळा ओघळ. तो भिंतीवर हातभर लांब दिसत होता. मॅडमनी तो नेमका शोधून काढला होता. मंदाच्या कुटण्याबद्दल मी बोलत होतो तेव्हा सगळे माझा कान बघून हसत होते.

मग पिशवी सरकताना दिसली. मोबाईलच्या कोपऱ्यानं. हॉलमध्ये कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग माझी मान. वर-खाली, वर-खाली. पाणी गलिच्छ आहे ना? मान. कोंबड्या आहेत ना? मान. आम्ही तुमचं खात नाही. मान. त्यालासुद्धा मी मान हलवली होती. मला आठवतच नव्हतं.

मला शाळा आठवली. पेणच्या शाळेत बाई मला मुद्दाम उभं करायच्या. “तू सांग रे, काल घरी काय काय केलंत?” मी सांगायचो, वर्ग हसायचा. पाहुणे आले की बाई मला बोलवायच्या. मी आईला सांगायचो, बाईंचा मी लाडका. आईनं ते ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, “तुना बोलवतात, मंग बसाया पन देतात का रं?” बसायला कधी दिलं नव्हतं. त्यानंतर मी एक युक्ती शिकलो. लोक आपल्याला हसायच्या आत आपणच त्यांना हसवायचं. म्हणजे हसणं आपल्या मालकीचं होतं. चाळीस वर्षं मी ह्या युक्तीवर जगलो. लोक म्हणतात विनोदी स्वभाव. विनोदी कसला? मारायच्या आधीच अंग चोरून घेणारं पोर होतं ते.

दिवा लागला.

“हा माणूस नाही म्हणत नाही,” साहेब म्हणाले. “ह्या पूर्ण बेल्टमध्ये तुम्हाला हाच माणूस भेटणार. त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोला, खूश. पाण्याची भीती घाला, मान हलली. मान हलली की सही. आणि लकीली, काका स्वतः आज आपल्यात आहेत! टाळ्या!”

टाळ्या पडल्या. मी उठलो. आणि सांगतो, तेव्हासुद्धा मी हसलो. सवय.

मध्ये एक खुर्ची ठेवली. मला बसवलं. साहेब कानाशी वाकले. “काका, तुमची नोकरी पक्की. गावागावात स्टॉल लागणार. आधी तुम्ही गंमत करायची, बायका जमवायच्या. मग ही मुलं मशीन विकतील. आज फक्त कस्टमर व्हा. शेवटी हो म्हणायचं. बस.”

नोकरी पक्की. हे दोन शब्द मी ऐकले आणि मला मंदाचा हात दिसला. बसलो.

“पहिली कोण? दीपाली, ये.”

दीपाली समोर उभी राहिली. हातात माहितीचा कागद. “काका, तुमच्या घरी पाणी कोणतं...”

“काका नाही!” साहेब ओरडले. “तू पुण्यात विकतेस का? गावठी टोन. अरे-तुरे. ‘ए बाबा’ म्हण.”

“ए बाबा...” ती थांबली. “तुजे घरान पानी कसला पितंस रं?”

हॉल फुटला.

ही तिची भाषा होती. तिच्या आईची. जिन्यात भिंतीकडं तोंड करून बोलली होती तीच. तिला ती सरळ, सुंदर येत होती. आता ती वाकडी करून बोलायची होती, आणि वाकडी करायला पोरीला फार कष्ट पडत होते. कान लाल झाले होते.

“मस्त! आता बायकोवर घे. बायको विष पाजते म्हण.”

तिनं साहेबांकडं बघितलं.

“अगं म्हण. रोल प्ले आहे.”

“तुजी बायको...” दीपाली म्हणाली. माझ्याकडं न बघता. “तुजी बायको गटारीचा पानी पाजते तुना. पापड पन त्याच पान्यान मलते. बग ना बाबा. मरशील.”

त्याच पापडांची पिशवी तिनं आईसाठी घरी नेली होती.

तिला नोकरी पाहिजे होती. मलाही पाहिजे होती. दोघंही एकाच ताटाशी बसलो होतो आणि त्या ताटात आमच्याच आया-बायका वाढलेल्या होत्या. ती पोरगी आज हे शिकली की उद्या कासूच्या आळीत जाऊन असंच बोलणार, परवा घरी आईशी बोलताना हाच सूर लागणार. आणि मी खुर्चीत बसून मान हलवून तिला शिकवणार. फुकट नाही, पगारावर.

“आता काका,” साहेब म्हणाले, “हो म्हणा.”

सगळे थांबले होते. मान हलायची वाट बघत.

“नाय,” मी म्हणालो.

खसखस पिकली. त्यांना वाटलं, गंमत.

“काका, हो म्हणायचंय.”

“नाय.”

“अहो रोल प्ले आहे ना. तुम्ही कस्टमर आहात.”

“व्हय. मी गिराईक हाय. गिराईक नाय बोलतंय.”

एक-दोघं अजून हसत होते. ते थांबले. साहेबांचा चेहरा बदलला, पण आवाज गोड ठेवला. “काका, तुम्हाला जॉब पाहिजे ना?”

“पायजे.”

“खूप गरज आहे ना?”

“हाय गरज.”

“मग?”

मग काय? माझ्याकडं मोठं भाषण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, एवढी माणसं ऐकायला बसली होती. घशात सगळं आलं होतं, शाळेतल्या बाईंपासून सगळं. पण तोंडातून आलं ते एवढंच:

“माजे बायकोचे पापडाला तुमी हात लावला नाय. मंग तिचे पान्याचा नाव घ्यायचा नाय.”

कुणीही हसलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर माझ्या भाषेत बोललो आणि कुणी हसलं नाही. ती शांतता कशी लागली सांगू? भीती वाटली. एवढ्या शांततेत कधी उभाच राहिलो नव्हतो.

“तो व्हिडिओ काढून टाका,” मी म्हणालो.

“तो ग्रुपवर गेलाय, काका. सगळ्या ब्रँचेसना.” साहेब खांदे उडवत म्हणाले. “एवढं काय मनावर घेता? फेमस झालात. तुम्ही लोक तर किती खेळकर असता.”

तुम्ही लोक.

मी उठलो आणि ताठ चालत दारातून बाहेर पडलो. म्हणजे मला वाटलं बाहेर पडलो. ते दार सामानाच्या खोलीचं होतं. आत लग्नाच्या गाद्या, पाट आणि मोठी पातेली. दोन क्षण मी त्या पातेल्यांसमोर उभा राहिलो. दुसरी वाट नव्हती. पुन्हा दार उघडून, सगळ्या हॉलमधून, सगळ्यांच्या समोरून मला जावं लागलं. नेहमीचा मी असतो तर इथं एक विनोद केला असता आणि सुटलो असतो. ओठांवर आलाही होता. गिळला. तसाच गेलो.

स्टेशनवर बाकड्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं दीपालीचा मेसेज आला. आधी व्हिडिओ, खाली दोन ओळी. ‘काका, हा आमच्या ग्रुपवर टाकलाय. तुम्हाला माहीत असावं म्हणून पाठवते. मी थांबतेय काका. मला ही नोकरी हवीच आहे. माफ करा.’

मी तिला काय लिहिणार? पोरी, माफी तू का मागतेस? लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं, ‘आईला विचारलं सांग.’ पुढं काही सुचेना. डोळ्यांपुढची अक्षरंही दिसेनात. मी रडलो. माझ्या शेजारी एक म्हातारी पाटी घेऊन बसली होती. तिनं पाटी थोडी पलीकडं सरकवली आणि मला जागा दिली, बस्स.

तिथं बसून मी ठरवलं. हे लिहितोय तेही त्यातूनच.

तुम्ही कुणी उद्या असल्या इंटरव्ह्यूला जाल. मोबाईलवरचा तो पोरगा सांगेल ते करा, ताठ बसा, डोळ्यांत बघा. वस्तू विकायला सांगितली तर विका, त्यात कमीपणा नाही. पण तो एक गोष्ट सांगत नाही, ती मी सांगतो. कधीतरी तुमच्यापुढं खुर्ची ठेवतील आणि तुमच्याच माणसांचं सोंग घेऊन त्यात बसायला सांगतील. त्या खुर्चीत बसू नका. मी एकदा बसलो. परत बसणार नाही. माझी बोली मी सोडणार नाही, इंटरव्ह्यूत सोडणार नाही, साहेबासमोर सोडणार नाही. पण कुणी ‘तुमच्या भाषेत होऊन जाऊ दे’ म्हणालं, तर त्याला ती ऐकायला मिळणार नाही. मला हसवता येतं. कुणासाठी हसवायचं, ते यापुढं मी ठरवणार. आणि नाही म्हणता येत नाही, असा जो माणूस त्यांनी भिंतीवर दाखवला, तो माणूस मी रोह्याच्या त्या हॉलमध्येच ठेवून आलो आहे.

*

घरी आलो तेव्हा मंदा अंगणातले पापड गोळा करत होती. डाव्या हातानं. माझं तोंड बघून तिनं परात खाली ठेवली.

“नाय घेतला?”

“घेत व्हते. मी नाय बोललो.”

तिनं माझ्या हातातला मोबाईल बघितला. मी सगळं सांगितलं, पातेल्यांच्या खोलीपर्यंत. मग तिनं हात पुढं केला. “दाखवा.”

मी म्हणालो, “नको.”

“दाखवा.”

पायरीवर बसून तिनं तो व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. स्वतःचं ‘हं’ ऐकलं. कावळ्याच्या शिव्या ऐकल्या. पिशवी सरकली तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. पिशवी साहेबांनी ठेवून घेतली असं मी तिला सांगितलं होतं. तिनं मोबाईल थोडा जवळ धरला. शेवटी माझी मान हलायला लागली तेव्हा तिनं बोटानं मागं घेऊन तेवढंच पुन्हा बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

मग मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला.

“माजा हात दुखतो तो दुखू दे अजून,” ती म्हणाली. “पन अशी मान हलवून परत घरान यायचा नाय.”